परवडणारी सिग्नेचर इलेक्ट्रिक गिटार

नामवंत वादकाच्या सूचनांनुसार घडवलेली आणि त्याच्या नावाने विकली जाणारी गिटार म्हणजे सिग्नेचर गिटार. तिचे मूळ मॉडेल बहुधा अमेरिकेत किंवा जपानमध्ये बनते आणि शिकणाऱ्या किंवा हौशी वादकाच्या खिशाला झेपत नाही. म्हणून बऱ्याच मोठ्या कंपन्या तीच रचना इंडोनेशिया, चीन, कोरिया किंवा मेक्सिकोतल्या कारखान्यांत बनवून कमी किमतीत आणतात. फेंडरचा हा स्वस्त ब्रँड म्हणजे स्क्वायर, गिब्सनचा एपिफोन, ईएसपीचा एलटीडी, म्यूझिक मॅनचा स्टर्लिंग. पीआरएसची अशी मालिका एसई या नावाने ओळखली जाते.

काहीजण अशी गिटार आवडत्या वादकाच्या प्रेमापोटी घेतात, तर काहींना तो साध्या गिटारीवर सही छापून जास्त पैसे घेण्याचा प्रकार वाटतो. तशा गिटारीही बाजारात आहेतच. पण वादकाने रचनेत नेमके काय बदलून घेतले आणि तो बदल स्वस्त आवृत्तीत शाबूत उतरला का, एवढे तपासले की घ्यावी की नाही याचा निर्णय बहुतेक वेळा सुटतो.

पूर्वपीठिका

वादकाचे नाव देऊन गिटार विकण्याची पद्धत इलेक्ट्रिक गिटारीपेक्षा जुनी आहे. गिब्सनने १९२० च्या दशकाच्या अखेरीस गायक-वादक निक लुकास यांच्या नावाची अकूस्टिक गिटार काढली होती. १९५२ मध्ये याच कंपनीने लेस पॉल (१९१५–२००९) यांच्या नावाची, सोनेरी रंगाची सॉलिड बॉडी (पोकळ नसलेली, भरीव लाकडाची) इलेक्ट्रिक गिटार आणली. हे नाव पुढे इतके रुळले की लेस पॉल हे एका वादकाचे नाव आहे, हे आज अनेकांना ठाऊकही नसते.

दोनच वर्षांनी, १९५४ मध्ये, लेस पॉल ज्युनिअर आली. बॉडी म्हणजे महोगनीची सपाट फळी, वर मेपलचा कोरीव थर नाही, दोनऐवजी एकच पी-९० जातीचा पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संदेशात बदलणारा भाग), फ्रेटबोर्डवर, म्हणजे दांड्याच्या (नेकच्या) बोटे दाबायच्या पट्टीवर, साधे ठिपके. किंमत सुमारे १०० डॉलर, म्हणजे सोनेरी मॉडेलच्या निम्म्याहूनही कमी. शिकणाऱ्यांसाठी काढलेली ही गिटार पुढे लेस्ली वेस्ट आणि जॉनी थंडर्स यांच्यासारख्या वादकांनी मोठ्या मंचावर नेली. ग्रीन डे या बँडचे बिली जो आर्मस्ट्राँग यांच्या नावाने गिब्सनने २००६ मध्ये जी सिग्नेचर काढली, तीही ज्युनिअरच. १९५४ ची ज्युनिअर हा परवडणाऱ्या सिग्नेचर गिटारीचा पहिला मोठा दाखला, आणि माझ्या मते आजवरचा सर्वांत चांगला. किंमत उतरवताना गिब्सनने सजावट काढली, मेपलचा थर काढला, एक पिकअप काढला. नेक आणि उरलेला पिकअप मात्र अस्सल ठेवला.

सिग्नेचर गिटारींचा आजचा सुकाळ १९८० च्या दशकात सुरू झाला. आयबानेझने १९८७ मध्ये स्टीव्ह वाय यांच्यासाठी जेम काढली, आणि १९८८ मध्ये एरिक क्लॅप्टन यांच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर ही फेंडरची पहिली सिग्नेचर ठरली. पीआरएसची स्वस्त एसई मालिका तर सुरूच झाली ती कार्लोस सँटाना यांच्या मॉडेलने, २००१ मध्ये, कोरियात.

किंमत कुठे उतरते

गिटारीच्या किमतीत मजुरीचा वाटा मोठा असतो. फ्रेटची (फ्रेटबोर्डवरच्या धातूच्या पट्ट्यांची) टोके घासून गोल करणे, नटच्या (नेकच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या) खाचा कोरणे, शेवटचा सेटअप (तारांची उंची आणि सूर जुळवणे) करणे ही हातकामे आहेत आणि स्वस्त गिटारीत सर्वांत आधी त्यांचाच वेळ कापला जातो. त्यानंतर लाकूड बदलते: अल्डरऐवजी पॉप्लर किंवा बासवुड, जाड मेपलऐवजी पातळ पापुद्रा. नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या जागी पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टरचा जाड लेप येतो. पिकअप, पॉट (नॉबखालचे नियंत्रक), स्विच आणि ट्यूनर (तारा ताणण्याच्या खुंट्या) साधे येतात, हार्ड केसऐवजी कापडी पिशवी मिळते. नावाबद्दल वादकाला मिळणारे मानधनही किमतीतच धरलेले असते.

याउलट काही गोष्टी महाग गिटारीत असोत की स्वस्त, त्यांना जवळपास सारखाच खर्च येतो. नेकचा आकार, फ्रेटबोर्डची गोलाई, स्केलची (तारेच्या वाजत्या भागाची) लांबी, फ्रेटची उंची, पिकअपची जागा, वायरिंगची आखणी, बॉडीचे वळण. कापणी संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रांवर होऊ लागल्यापासून एखाद्या वादकाच्या हाताला बसणारा नेक इंडोनेशियातल्या सुराबायातही तितकाच बिनचूक कापता येतो. सिग्नेचरचे वेगळेपण या दुसऱ्या यादीत असेल तर स्वस्त आवृत्ती मूळ गिटारीच्या फार जवळ जाते.

जे मॅसिस जॅझमास्टर

याचे उत्तम उदाहरण म्हणजे स्क्वायरने २०११ मध्ये आणलेली जे मॅसिस जॅझमास्टर. मॅसिस हे मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टचे, तिथेच १९८४ मध्ये स्थापन झालेल्या डायनोसॉर ज्युनिअर या बँडचे गिटारवादक. फेंडरने जॅझमास्टर १९५८ मध्ये जॅझ वादकांसाठी काढली होती. त्यांनी ती फारशी उचलली नाही, सर्फ संगीत वाजवणाऱ्या बँडनी उचलली. १९८० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. जुन्या जॅझमास्टर सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळत होत्या आणि पैसे बेताचे असलेल्या तरुण अमेरिकन बँडनी त्या घेतल्या. आज या गिटारीचा जो दबदबा आहे तो याच वादकांनी मिळवून दिलेला आहे.

मात्र ही गिटार जोरात वाजवणाऱ्यांना एक जुना त्रास होता. तिच्या ब्रिजवरच्या (बॉडीवर तारा ज्यावर टेकतात त्या भागावरच्या) सॅडलना, म्हणजे तारांच्या आधारांना, स्क्रूसारखे बारीक आटे असतात आणि ब्रिजमागे तारांचा कोन फार उथळ असतो. १९५८ च्या जाड, फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या) तारांना ते चालत होते. आजच्या पातळ तारा जोरात झोडल्या की तार आपल्या खाचेतून उडते आणि ब्रिज खडखडतो. फ्रेटबोर्डही जुन्या फेंडरचा, ७.२५ इंच त्रिज्येचा, म्हणजे बराच गोल. अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) खाली ठेवून वरच्या फ्रेटवर बेंड केला (तार बाजूला ओढली) तर स्वर मध्येच दबतो.

मॅसिस यांच्या मॉडेलने यातली एकेक अडचण काढून टाकली. ब्रिज गिब्सनच्या ट्यून-ओ-मॅटिक धाटणीचा, पक्क्या खाचांचा. फ्रेटबोर्ड ९.५ इंच त्रिज्येचा. फ्रेट जंबो. रुंद पांढऱ्या कव्हरांखाली पी-९० च्या वळणाचे, जास्त भरदार पिकअप. बॉडी बासवुडची, रंग जुनाट पांढरा, पिकगार्ड सोनेरी अ‍ॅनोडाइज्ड. यातल्या एकाही सुधारणेला महाग सामान लागत नाही. म्हणूनच मॅसिस यांचे चाहते नसलेले, डायनोसॉर ज्युनिअर कधी न ऐकलेले लोकही ही गिटार घेत आले. सिग्नेचर गिटारीची याहून कडक कसोटी मला सुचत नाही: वादकाचे नाव पुसले तरी ती कोणी घेईल का?

सिल्व्हर स्काय आणि ब्रायन मे स्पेशल

पीआरएसने जॉन मेयर यांच्यासाठी २०१८ मध्ये सिल्व्हर स्काय काढली. तिच्या नेकचा आकार १९६३ आणि १९६४ सालच्या स्ट्रॅटोकास्टरच्या नेकवरून बेतलेला आहे. जानेवारी २०२२ मध्ये इंडोनेशियात बनलेली एसई सिल्व्हर स्काय ८४९ डॉलरना आली. अमेरिकेत बनणारी गिटार तिच्या जवळपास तिप्पट किमतीची. नेकचा आकार तोच ठेवला, बॉडी अल्डरऐवजी पॉप्लरची केली आणि फ्रेटबोर्ड ७.२५ ऐवजी ८.५ इंच त्रिज्येचा, थोडा सपाट केला. ही शेवटची गोष्ट तडजोड म्हणून सांगितली जाते, पण शिकणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ती सोयच आहे, कारण सपाट फ्रेटबोर्डवर तारा खाली बसवून बेंड करणे सोपे जाते.

ब्रायन मे यांची गोष्ट याहून अनोखी. क्वीन या बँडचे हे गिटारवादक. (त्याच बँडचे फ्रेडी मर्क्युरी शाळकरी वयात पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकले, हा या विषयाला लागलेला महाराष्ट्राचा एक लहानसा धागा.) मे यांनी आपली रेड स्पेशल १९६३ पासून वडील हॅरॉल्ड यांच्यासोबत घरीच बनवली. नेकला जुन्या शेकोटीच्या चौकटीतले महोगनी लाकूड, ट्रेमोलोला (बार दाबून तारांचा सूर खाली-वर करणाऱ्या यंत्रणेला) मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, खुणांना शिंपल्याची बटणे. पैसे नसल्यामुळे बनवलेल्या गिटारीची महाग प्रतिकृती विकणे विसंगतच. तशा प्रतिकृतीही निघाल्या, पण सुदैवाने गोष्ट तिथेच थांबली नाही. २००१ मध्ये बर्न्स लंडनने तिची परवडणारी आवृत्ती आणली; पुढे ब्रायन मे गिटार्स या स्वतंत्र कंपनीने तेच काम चालवले.

या गिटारीचा प्राण वायरिंगमध्ये आहे. तीन सिंगल कॉइल पिकअप एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेले, आणि प्रत्येकाला स्वतःचे दोन स्विच: एक चालू-बंद, दुसरा फेज उलटण्यासाठी. स्ट्रॅटोकास्टरवर दोन पिकअप समांतर जोडले जातात, त्यामुळे आवाज पातळ आणि काचेसारखा लखलखीत होतो. इथे तेच दोन पिकअप सिरीजमध्ये आले की आवाज वाढतो, भरतो. त्यातल्या एकाची फेज उलटली की खालचे स्वर गळून नाकातून गायल्यासारखा टोकदार सूर उरतो. २४ इंचांच्या आखूड स्केलमुळे तारा बोटांना मऊ लागतात. सहा सरकते स्विच आणि थोडी जास्त वायर, एवढ्यात हे साधते. दुसऱ्या कोणत्याही सहज मिळणाऱ्या गिटारीवर हे सगळे आवाज एकत्र सापडत नाहीत, आणि तिच्यासाठी पैसे मोजण्याचे हेच कारण.

कमी करून साधलेली रचना

ब्लिंक-१८२ या बँडचे टॉम डेलाँग यांच्या स्ट्रॅटोकास्टरने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला उलटी वाट धरली. एकच हंबकर (दोन कॉइलचा पिकअप), एकच व्हॉल्यूम नॉब, टोन नॉब नाही, ट्रेमोलो नाही. भाग कमी म्हणजे बिघाड कमी आणि ट्यूनिंग टिकते, त्यामुळे तिची स्क्वायर आवृत्ती फेंडरच्या फार मागे पडत नव्हती. सेंट व्हिन्सेंट या नावाने गाणाऱ्या अ‍ॅनी क्लार्क यांच्या म्यूझिक मॅन गिटारीचे (२०१६) वेगळेपण बॉडीच्या हलक्या, कोनदार आकारात आहे. स्टर्लिंगमध्ये तो आकार सहज उतरला.

जिथे हिशेब बसत नाही

स्टीव्ह वाय यांच्या जेमची स्वस्त आवृत्ती, जेम ज्युनिअर, ही दिसायला देखणी आणि वाजवायला वेगवान आहे. बॉडीतली मुठीची खाच, २४ फ्रेट, पातळ नेक, फ्रेटबोर्डवरची वेल, सगळे आहे. पण जेमचे खरे सामर्थ्य तिच्या दुहेरी लॉकच्या ट्रेमोलोत आहे, आणि तो महागडा भाग आहे. ट्रेमोलो ज्या धारेवर झुलतो ती धार चांगल्या पोलादाची नसेल तर कालांतराने झिजते आणि बार दाबून सोडल्यावर तारा जागेवर परतत नाहीत. ज्युनिअरवर मूळचा एज ट्रेमोलो नाही, साधा आहे. बार क्वचित वापरणाऱ्याला हरकत नाही. वाय यांच्यासारखे बारचे खेळ करण्यासाठी जो ती घेतो त्याने मात्र आधी सेकंडहँड जपानी आयबानेझ पाहाव्यात.

ज्या गिटारींत फक्त रंग, सही आणि हेडस्टॉकवरचे चिन्ह बदलते त्यांच्याविषयी वेगळे सांगण्यासारखे नाही. त्याच कंपनीची साधी गिटार घ्यावी आणि उरलेल्या पैशांत बरा अ‍ॅम्प्लिफायर.

घेताना

परदेशातली डॉलरची किंमत रुपयांत बदलून भारतातला अंदाज बांधू नये. वाहतूक, आयात शुल्क आणि जीएसटी धरून ती बरीच चढते, आणि मग 'परवडणारी' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाला आपल्या घरच्या हिशेबाने लावावा लागतो. शक्य असेल तर दुकानात, अ‍ॅम्प्लिफायरला जोडून वाजवून घ्यावी. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात वाद्यांची जुनी दुकाने आहेत. १८६५ पासूनचे फुर्टाडोज त्यांपैकीच.

प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवावी आणि कुठे दबते किंवा खरखरते ते ऐकावे. बाराव्या फ्रेटवरचा स्वर आणि हार्मोनिक जुळतात का ते सूर मोजणाऱ्या ट्यूनरवर पाहावे. दीड-दोन स्वरांचे बेंड देऊन पुन्हा ट्यूनिंग तपासावे. तार सुटली तर दोष बहुधा नटच्या अरुंद खाचांत असतो आणि तो थोडक्या खर्चात निघतो. नेकच्या कडेवरून हात फिरवावा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसून फ्रेटची टोके बाहेर येतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमटपणाने नेकचा बाक बदलतो. दोन्हीकडे ट्रस रॉड (नेकमधली, त्याचा बाक जुळवणारी सळई) फिरवून नीट सेटअप करणारा कारागीर माहीत असावा. चांगल्या सेटअपनंतर स्वस्त सिग्नेचर गिटार जितकी सुधारते तितकी कोणताही नवा पिकअप बसवून सुधारत नाही, म्हणून सेटअपचे पैसे किमतीतच धरावेत.

पुढे भाग बदलायचे ठरवले तर आधी मापे घ्यावीत. आशियात बनलेल्या स्वस्त गिटारींत अनेकदा लहान पॉट असतात आणि मोठ्यांसाठी भोक रुंद करावे लागते. मर्यादित काळ बनलेल्या सिग्नेचर गिटारींना सेकंडहँड बाजारात चांगला भाव येतो. टॉम डेलाँग यांची स्क्वायर बंद झाल्यावर तिची मागणी इतकी टिकून राहिली की फेंडरने २०२३ मध्ये ही रचना पुन्हा काढली. अशी गिटार जुनी घेताना पिकअप किंवा ब्रिज बदललेला आहे का, आणि बदलला असल्यास मूळ भाग सोबत मिळणार का, हे विक्रेत्याला विचारूनच भाव ठरवावा.