प्लँचेट : ख्रिस्ती निषेध

मृत व्यक्तीच्या आत्म्याला पाचारण करून त्याच्याकडून प्रश्नांची उत्तरे मिळवण्याचे साधन आणि त्यासाठी भरवलेली बैठक, या दोन्ही अर्थांनी मराठीत ‘प्लँचेट’ हा शब्द रूढ आहे. ख्रिस्ती धर्मविचारात या बैठकीसाठी वेगळा नियम नाही. शकुन, चेटूक, वशीकरण आणि मृतांची विचारणा यांना लागू असलेल्या प्राचीन निषेधातच तिचा समावेश होतो.

शब्दाचा मूळ अर्थ ‘लहान फळी’ असा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या दशकात फ्रान्समध्ये प्रचारात आलेली ही फळी हृदयाच्या आकाराची असे. तिला दोन चाके व तिसऱ्या टोकाला खोचलेली शिसपेन्सिल असे आणि तिच्यावर बोटे टेकली की ती कागदावर लिहीत जाई. प्लँचेट नावाच्या कोणा गृहस्थावरून हे नाव पडल्याची कथा बरीच फिरली आहे. पण फ्रेंच भाषेत हा शब्द फळी या अर्थाने होताच, त्यामुळे त्या गृहस्थाची गरज उरत नाही. अक्षरे छापलेला ‘ओइजा’ बोर्ड हे निराळे साधन असून त्याचे पेटंट फेब्रुवारी १८९१ मध्ये अमेरिकेत इलायजा बॉण्ड याच्या नावे झाले. फ्रेंच व जर्मन भाषांतील ‘हो’ या अर्थाच्या शब्दांची जोड म्हणजे ओइजा, ही फोड सर्वत्र दिली जाते. परंतु बोर्डालाच नाव विचारले असता त्याने ते सांगितले, अशी निर्मात्यांच्या गोटातली हकिकत आहे, आणि दोन भाषांची फोड बहुधा मागाहून बसवलेली असावी. मराठी घरांत ज्याला प्लँचेट म्हणतात ते वस्तुतः या दुसऱ्या प्रकाराचेच घरगुती रूप होय.

या घरगुती रूपात पाटावर किंवा कॅरमबोर्डावर वर्णमाला, आकडे आणि ‘हो’, ‘नाही’ हे शब्द लिहिलेला कागद पसरतात, मधोमध वाटी उपडी घालतात आणि दोघेतिघे तिच्यावर तर्जनी टेकवून बसतात. देवनागरीमुळे येथे एक अडचण उद्भवते. काना, वेलांटी, उकार कागदावर मांडलेले नसतील, तर वाटी केवळ व्यंजनांवरून फिरते. ‘प’, ‘त’, ‘र’ अशी तीन अक्षरे आली, तर ती ‘पत्र’, ‘पितर’ की ‘पुत्र’ हे बसणाऱ्यांनाच ठरवावे लागते. मनातली कल्पना नकळत स्नायूंना हालवते, हे स्पष्टीकरण विल्यम कार्पेंटर याने १८५२ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरडे याने, आत्म्यांच्या बैठकीत आपोआप हलते असे मानले जाणाऱ्या टेबलावर प्रयोग करताना, हात व टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर बसवून आधी हात सरकतो आणि मागून टेबल, हे दाखवून दिले. ख्रिस्ती लेखकांपैकी अनेकांनी हे स्पष्टीकरण बहुतेक प्रसंगांपुरते स्वीकारले आहे. त्यामुळे निषेध सैल होतो असे मात्र त्यांनी मानलेले नाही.

निषेधाचा मुख्य आधार बायबलच्या जुन्या करारातील ‘अनुवाद’ (१८:१०–१२) आणि ‘लेवीय’ (१९:३१ व २०:६) या ग्रंथांतील वचने होत. मृतांशी संबंधित विचारणेसाठी तेथे आलेला ‘ओब’ हा हिब्रू शब्द वादग्रस्त आहे. ईयोबाच्या ग्रंथात (३२:१९) त्याचेच अनेकवचन चामड्याच्या बुधल्यांसाठी आले असल्याने पोकळ आवाजाशी त्याचा संबंध जोडला जातो. काही अभ्यासक तो ‘पिता’, म्हणजे पूर्वज, या अर्थाच्या शब्दाकडे नेतात. तर हित्ती भाषेत पाताळातील शक्तींना अर्पण करण्यासाठी खणलेल्या खड्ड्याला जो शब्द आहे त्याच्याशी त्याचे नाते असावे, असे तिसरे मत आहे. ग्रीक भाषांतरकारांनी ‘पोटातून बोलणारा’ असा प्रतिशब्द योजला. त्यात फसवणुकीची छटा आधीच आलेली दिसते.

या संदर्भातील सर्वाधिक चर्चिलेला प्रसंग एन-दोर येथील भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीचा आहे (१ शमुवेल २८). भूतविद्या जाणणाऱ्यांना देशाबाहेर घालवणारा इस्राएलचा शौल राजाच, स्वप्ने, उरीम (देवाचा कौल घेण्याचे याजकांचे साधन) व संदेष्टे यांपैकी कोणाकडूनही उत्तर येईना तेव्हा, वेषांतर करून दोन सोबत्यांसह रात्री तिच्याकडे गेला आणि मृत संदेष्टा शमुवेल याला वर आणण्यास त्याने सांगितले. झगा पांघरलेला एक वृद्ध वर आला आणि उद्या तू व तुझे पुत्र माझ्याजवळ असाल, असे त्याने शौलाला बजावले. वर आले ते कोण, याविषयी एकमत नाही. तिसऱ्या शतकात आद्य ख्रिस्ती पंडित ओरिजेन याने मूळ पाठ त्याला शमुवेलच म्हणतो, या कारणास्तव तो खरा शमुवेल मानला. त्याच्या आधी टर्टुलियन याने, नंतर अंत्युखियाचा युस्टेथियस व निस्साचा ग्रेगरी यांनी सैतानाने घेतलेले सोंग हा पक्ष मांडला आणि प्रॉटेस्टंट सुधारकांपैकी ल्यूथर व कॅल्विन त्याच बाजूचे होते. ऑगस्टीनने दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवल्या. शमुवेलाने मरणानंतरही भाकीत केले, असे बेनसिराच्या ग्रंथात (४६:२०) म्हटले आहे. तो ग्रंथ कॅथलिक पवित्र शास्त्रात असल्याने त्या परंपरेत ओरिजेनचे पारडे काहीसे जड राहिले. आणखी एक मत असे की शमुवेल खराच आला, पण तो त्या स्त्रीच्या विद्येने आला नाही, देवाने पाठवला म्हणून आला. त्याला पाहून ती स्वतःच किंचाळली, हा तपशील या मताला पोषक आहे आणि पाठाशी तेच अधिक जुळते. वादाचा निकाल काहीही लागो, १ इतिहास १०:१३–१४ मध्ये शौलाच्या मृत्यूचे जे कारण दिले आहे त्यात आत्म्याच्या खरेखोटेपणाचा उल्लेखच नाही. त्याने परमेश्वराचे वचन पाळले नाही आणि परमेश्वराला न विचारता अन्यत्र विचारले, एवढेच दोष तेथे नोंदवले आहेत. (त्या स्त्रीने नंतर घरचे पुष्ट वासरू कापून व भाकरी भाजून उपाशी राजाला जेवू घातले, याकडे टीकाकारांचे सहसा लक्ष जात नाही.)

ख्रिस्ती विचारातील ‘धोका’ या कल्पनेचे मर्म येथेच आहे. उत्तर खोटे निघेल ही भीती त्यात दुय्यम आहे. फिलिप्पै येथील भविष्य सांगणारी दासी प्रेषित पौल व त्याचे सोबती यांच्याविषयी जे ओरडत होती ते खरेच होते, तरीही पौलाने तिच्यातील आत्म्याला निघून जाण्यास सांगितले (प्रेषितांची कृत्ये १६:१६–१८); आणि खूण खरी ठरली तरी अन्य देवांमागे जाऊ नये, असे अनुवादाच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. उत्तर जुळणे हा म्हणूनच बचाव ठरत नाही. उलट त्यामुळे पुन्हा विचारण्याची ओढ वाढते, प्रार्थनेतील न कळण्याची अवस्था असह्य होऊ लागते आणि लहानसहान निर्णयही वाटीवर सोपवले जातात. थॉमस अक्वायनस याने तेराव्या शतकात दुरात्म्यांशी उघड करार आणि मूक करार असा भेद केला: सैतानाचे नावही न घेता, ज्या गोष्टीत उत्तर देण्याची नैसर्गिक शक्ती नाही तिच्याकडे उत्तर मागणे हा त्याच्या मते मूक करारच होय. केवळ गंमत म्हणून बसलो होतो, हे समर्थन या भेदामुळे अपुरे पडते.

चर्चच्या निर्णयांत इ.स. ३१४ च्या अंकिरा (आजचे अंकारा) येथील सभेने शकुन पाहणाऱ्यांस पाच वर्षांचे प्रायश्चित्त सांगितले होते. प्लँचेटच्या काळाला थेट लागू होणारा निर्णय एप्रिल १९१७ चा आहे. आत्म्यांना बोलावण्याच्या बैठकीस, ती सात्त्विक दिसत असली, मनात दुरात्म्यांशी संबंध नाकारलेला असला आणि भूमिका निव्वळ बघ्याची असली तरी, हजर राहणे योग्य नाही, असे रोमच्या ‘होली ऑफिस’ने (कॅथलिक चर्चमध्ये धर्ममतांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाने) ठरवले. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २११६) जन्मपत्रिका व हस्तसामुद्रिकही याच पंक्तीत येतात. मृतांसाठी प्रार्थना करणे कॅथलिक परंपरेत विहित असून २ नोव्हेंबर हा त्याचा दिवस आहे. परंतु तेथे मृतांकडून माहिती मागितली जात नाही. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ तीही प्रार्थना मानत नाहीत.

मराठी घरांतील या प्रथेचा एक संदर्भ बडोद्याचा आहे. बडोद्यात (वडोदरा) गायकवाडी राज्याबरोबर आलेला मराठी समाज दांडिया बाजार, रावपुरा या भागांत स्थिरावला. पिंडाला कावळा शिवला नाही की मृताची इच्छा राहिली, असे मानणाऱ्या घरांत ती इच्छा विचारून घेण्याचे साधन परके वाटण्याचे कारण नव्हते. शहरातील सर्वांत परिचित प्रयोग मात्र मराठी नव्हेत. बडोदे संस्थानच्या सेवेत असताना (१८९३–१९०६) अरविंद घोष यांनी धाकटे बंधू बारींद्र यांच्यासमवेत प्लँचेट व स्वयंलेखन करून पाहिले होते. त्यांचे निवासस्थान दांडिया बाजारात आजही आहे. अन्य लोकांतील शक्ती क्वचित हस्तक्षेप करतात, पण त्या बहुधा उच्च कोटीच्या नसतात आणि असे बहुतेक लेखन अबोध मनाच्या नाटकी अंगातून येते, असा निष्कर्ष त्यांनी पुढे काढला. ख्रिस्ती धर्माशी संबंध नसताना काढलेला हा निष्कर्ष अर्धा कार्पेंटरशी आणि काहीसा टर्टुलियनशी जुळतो, हे लक्षणीय आहे.

बडोद्याचा कॅथलिक धर्मप्रांत १९६६ चा असून तेथील उपासना मुख्यतः गुजरातीत चालते. मराठी बायबल वाचणाऱ्या घरात मात्र गलतीकरांस पत्रातील (५:२०) देहाच्या कर्मांच्या यादीत ‘चेटके’ हा शब्द समोर येतो, आणि ओळखीचा असल्यामुळेच तो करणी, मूठ, भानामती यांपुरता समजला जाण्याचा संभव असतो. वाटीभोवतीची बैठक त्यात मोडते हे वेगळे सांगावे लागते.

बैठकीनंतर कोणी घाबरले, झोप उडाली किंवा आवाज ऐकू येऊ लागले, तर ती बाधाच होय असे चर्च गृहीत धरत नाही. भूतबाधा सहजी मानू नये, अशी सूचना १६१४ च्या रोमन विधिग्रंथातच आहे, आणि १९८३ च्या धर्मसंहितेनुसार (कलम ११७२) बिशपच्या स्पष्ट परवानगीवाचून कोणाही धर्मगुरूला भूत काढण्याचा विधी करता येत नाही. पेंटेकॉस्टल मंडळ्यांत अशा परवानगीची प्रथा नसून सुटकेची प्रार्थना सभेतच होते. सर्वसाधारण प्रसंगी पापांची कबुली व प्रार्थना पुरेशी मानली जाते. इफिस येथे पन्नास हजार रौप्यमुद्रांचे मंत्रग्रंथ जाळले गेले (प्रेषितांची कृत्ये १९:१९), त्या दाखल्याने अक्षरांचा कागद नष्ट करणे योग्य ठरते. मूर्ती ही काहीच नाही, या पौलाच्या वचनाने (१ करिंथ ८:४) वाटीत मात्र काही राहिलेले नसते आणि ती घासून पुन्हा मांडणीवर ठेवण्यास हरकत उरत नाही.