‘रीमास्टर’चा गुंता: गाजलेल्या गाण्यांचा संग्रह घेण्यामागची पार्श्वभूमी

१९७४ साली युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकलेल्या ‘ॲबा’ या स्वीडनच्या चौकडीचा ‘ॲबा गोल्ड’ हा १९ गाण्यांचा संग्रह १९९२ मध्ये निघाला. त्याच्या निरनिराळ्या आवृत्त्या जवळजवळ एकाच मुखपृष्ठाखाली आजही विकल्या जातात. चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडीकडे जुन्या सामानात एखादी सीडी हाती लागली किंवा ऑनलाइन मागवायची ठरली, तर गाणी कोणती याआधी आवृत्ती कोणती हे पाहावे लागते. तसे का झाले, त्याची ही पार्श्वभूमी.

गाजलेल्या गाण्यांची वेगळी मोठी तबकडी (एलपी रेकॉर्ड) काढण्याची रीत १९५८ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका गायकाच्या संग्रहापासून रूढ झाली असे मानतात. छोट्या तबकडीवर आधीच खपलेली गाणी पुन्हा विकता येतात आणि नव्या ध्वनिमुद्रणाचा खर्च येत नाही, एवढे त्यामागचे सरळ गणित होते.

कोकणात हा प्रकार खऱ्या अर्थाने घरोघरी पोचवला तो कॅसेटने. ऐंशीच्या दशकात ‘कॅसेट भरून घेणे’ हा नेहमीचा व्यवहार होता. दुकानदाराला यादी द्यायची आणि त्याने तबकडीवरून किंवा दुसऱ्या कॅसेटवरून गाणी उतरवून द्यायची. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला ३० मिनिटे मावत आणि फीत साधारण १८ मायक्रॉन जाड असे. नव्वद मिनिटांच्या कॅसेटमध्ये एका बाजूला ४५ मिनिटे मावत, पण फीत साधारण १२ मायक्रॉनची. पातळ फितीवर शेजारच्या वेढ्यातला आवाज उमटतो, म्हणून गाणे सुरू होण्याआधीच्या शांततेत त्याच गाण्याची पुसट चाहूल ऐकू येते. दर प्रतीगणिक खरखर वाढते ती वेगळीच. आखातात आणि जहाजावर नोकरीला असलेल्यांनी टू-इन-वनबरोबर आणलेल्या कॅसेटींत विनापरवाना प्रतीही भरपूर होत्या. त्यांच्यावर ‘ग्रेटेस्ट हिट्स’ छापलेले असले तरी गाण्यांची निवड आणि क्रम प्रती काढणाऱ्याने ठरवलेला असे. बँडचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

‘तीच गाणी, दुसरे गायक’ हाही प्रकार याच काळातला. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यातील कलम ५२(१)(ञ) नुसार, मूळ ध्वनिमुद्रणाला दोन वर्षे उलटल्यावर ठरावीक मानधन भरून नवे ‘व्हर्जन’ काढता येत होते. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली, वर्षाला किमान ५०,००० प्रतींचे मानधन बंधनकारक केले आणि हे कव्हर व्हर्जन आहे असे वेष्टनावर लिहायला लावले. जुना माल घेताना ‘ट्रिब्यूट’, ‘इन द स्टाइल ऑफ’ किंवा ‘री-रेकॉर्डेड’ हे बारीक अक्षरांतले शब्द शोधावेत. त्यांपैकी एकही दिसला तर ते मूळ मुद्रण नाही. साठच्या दशकातल्या काही बँडांचे सदस्य पुढे वय झाल्यावर स्वतःच तीच गाणी पुन्हा गायले आहेत. तिथे नाव खरे असते, मुद्रण मात्र दुसरे.

स्वीडिश चौकडी १९८२ च्या अखेरीस थांबली. तोवर देशोदेशी वेगवेगळ्या परवान्यांखाली त्यांचे वेगवेगळे संग्रह निघाले होते. पुढे हक्क एका बहुराष्ट्रीय कंपनीकडे एकवटले, तिने आधीचे संग्रह बाजारातून काढले आणि १९९२ चा एकच संग्रह जगभर उतरवला. तो सीडी डोळ्यांसमोर ठेवून रचला होता. ७७ मिनिटांच्या आसपासचा हा ऐवज एका साध्या तबकडीवर मावणाराच नव्हता.

त्याच संग्रहात एक चूक राहिली. ‘द नेम ऑफ द गेम’ हे १९७७ च्या अल्बमवरचे जवळपास पाच मिनिटांचे गाणे त्यात ३ मिनिटे ५८ सेकंदांच्या, प्रसारणासाठी कापलेल्या रूपात घेतले गेले आणि एका कडव्याचा भाग गेला. १९९९ च्या आवृत्तीत पूर्ण गाणे परत आले. आवृत्ती ओळखायची सोपी खूण हीच: प्लेअरच्या पडद्यावर त्या गाण्याची वेळ वाचावी. चार मिनिटांच्या आत दिसली तर ती पहिली आवृत्ती.

मग सरळ १९९९ ची घ्यावी असे वाटेल. इथेच ‘रीमास्टर’ हा शब्द आडवा येतो.

मिक्स म्हणजे स्वतंत्र पट्ट्यांवरचे आवाज आणि वाद्ये एकत्र करून दोन पट्ट्यांची अंतिम फीत तयार करणे. मास्टरिंग त्यानंतरचे: त्या अंतिम फितीचा खर्ज-तीव्र तोल आणि एकूण पातळी माध्यमाला साजेशी करणे. रीमास्टर म्हणजे हे दुसरे काम पुन्हा करणे. त्यात गायिकेचा आवाज पुढे आणून गिटार मागे नेता येत नाही. तसे करायचे तर रीमिक्स लागतो. वेष्टनावरच्या ‘रीमास्टर’ या शब्दाला काटेकोर व्याख्या नाही. मूळ फीत काढून, यंत्राचे हेड (फीत वाचणारा भाग) तिच्याशी जुळवून, काळजीने केलेले काम रीमास्टर म्हणवते; आधीच्या डिजिटल प्रतीचा आवाज नुसता वाढवला तरी तोच शब्द छापता येतो.

शब्द आला तेव्हा त्याला कारण होते. १९८२ नंतरच्या सुरुवातीच्या बऱ्याच सीडी तबकडी कापण्यासाठी केलेल्या फितींवरून उतरवल्या गेल्या. सुई खोबणीतून उडू नये म्हणून त्या फितींत खर्ज आवरलेला असे, त्यामुळे सीडी पातळ वाजत. त्या पुन्हा करणे योग्यच होते. नव्वदच्या दशकाच्या मध्यानंतर मात्र लिमिटर (ठरावीक पातळीवरचा आवाज दाबणारे साधन) लावून हळू भाग वर खेचायचे आणि शिखरे दाबायची, ही चढाओढ लागली. १९९९ ची आवृत्ती १९९२ च्या आवृत्तीपेक्षा जोरात वाजते ती यामुळे. दुकानात दहा सेकंद ऐकले तर जोरातली सरस वाटते, कारण एखाद्या डेसिबलचा फरकही कानाला ‘चांगला’ भासतो. तासभर ऐकल्यावर ढोलाचा ठोका बोथट लागतो आणि कान थकतो.

तुलना नीट करायची तर दोन्ही सीडींवरचे तेच गाणे संगणकावर उतरवून ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडावे. एकाचा आलेख टोकदार कंगव्यासारखा दिसेल, दुसऱ्याचा माथा कापलेल्या चिऱ्यासारखा सपाट. मग मोठ्या आवाजाचे गाणे खाली आणून दोन्हींची सरासरी पातळी सारखी करावी आणि मगच ऐकावे. पातळी न जुळवता दिलेला कौल ग्राह्य धरू नये. पहिली आवृत्ती घ्यावी आणि कापलेल्या एका गाण्यासाठी १९७७ चा अल्बम वेगळा घ्यावा, हे आमचे मत. गाणी फक्त गाडीत वाजणार असतील तर १९९९ ची चालेल.

स्ट्रीमिंगने हा वाद थोडा निवळला. तिथे गाण्यांची पातळी साधारण उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणारा आवाजाचा जोर मोजण्याचे एकक) आसपास आणली जाते, त्यामुळे जोरात केलेल्या गाण्याचा फायदा उरत नाही. पण दाबलेली शिखरे परत येत नाहीत, आणि कोणते मास्टरिंग वाजते आहे हे ऐकणाऱ्याला निवडता येत नाही.

राहिला किनाऱ्याचा भाग. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि खारा वारा असलेल्या रत्नागिरीत कोणतेही माध्यम जपावेच लागते. जुनी सीडी घेताना ती दिव्यासमोर धरावी. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर ॲल्युमिनियमचा थर खाल्ला गेला आहे. ती सोडून द्यावी. छापील बाजूवरचा ओरखडा चकचकीत बाजूवरच्यापेक्षा घातक, कारण धातूचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो. पुसताना मऊ सुती कापड मधून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये. आगोटीच्या आधी सीडी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदलाव्यात. कॅसेट पावसाळ्यानंतर थेट लावू नये. कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी भुकटी दिसते का ते आधी पाहावे. दिसली तर ती बुरशी, आणि तशीच वाजवली तर हेडवरून पुढच्या कॅसेटला लागते. स्वच्छ दिसली तर पेन्सिल घालून शेवटापर्यंत आणि परत हाताने फिरवावी, चिकटलेले वेढे सुटतात. वाजवून झाल्यावर हेड आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसावे आणि पूर्ण वाळल्यावरच दुसरी कॅसेट लावावी.