गोधडीचा गोट

गोधडीचा गोट : गोधडी, वाकळ, दुपटे किंवा रजई यांच्या कडांवर थर बंद करण्यासाठी शिवलेली कापडी पट्टी. तिला मगजी असेही म्हणतात. गोधडीचे सगळे थर कडेला उघडे पडतात आणि ओढाताणही तिथेच सर्वांत जास्त होते. धुताना पीळ कडेला बसतो, वाळत घालताना ओल्या गोधडीचे सगळे ओझे कडेला धरूनच उचलले जाते, पांघरताना हात नेमका तिथेच पडतो. त्यामुळे मधला भाग शाबूत असतानाच कड विरते. गोट हा झिजण्यासाठीच लावलेला भाग आहे. तो पक्का बसावा आणि तरीही वेळ आल्यावर बदलता यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. शोभा त्यानंतर येते.

पुणे आणि आसपासच्या गावांतील हाताने शिवलेल्या गोधड्यांना बऱ्याचदा वेगळा गोट नसतोच. तळाचे लुगडे वरच्या थरांपेक्षा दोन-तीन बोटे मोठे ठेवतात, ते चारही बाजूंनी वर दुमडतात आणि धावदोऱ्याने बसवतात. पुढचे टाकेही कडेकडूनच सुरू होऊन चौकटीत चौकट असे आत सरकत जातात. पद्धत काटकसरीची आहे, पण तिची अडचण नंतर कळते : दुमड फाटली की तळच फाटतो. जुन्या नऊवारीचे काठ उसवून ते वेगळे लावणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे. काठाची वीण घट्ट असल्याने त्याचे धागे लवकर सुटत नाहीत. मात्र तो कोपऱ्यावर वळत नाही, म्हणून आडवा काठ उभ्या काठावर चढवून शिवावा लागतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या कवंदीतही (तुकडे जोडून केलेल्या गोधडीतही) काम कडेपासून मध्याकडे जाते. तिच्या चार कोपऱ्यांवर दुमडलेल्या चौकोनी तुकड्यांची ‘फुले’ लावल्याशिवाय ती पुरी झाली असे मानत नाहीत.

साधने थोडी लागतात : लांब सुई, अंगुस्तान (बोटात घालायची टोपी), सुती दोरा, टाचण्या, खडू, टेप आणि धारदार कात्री. पुण्यात ही खरेदी प्रामुख्याने रविवार पेठेतील बोहरी आळीत आणि तुळशीबागेत होते. छंद म्हणून तुकडेजोड रजया शिवणाऱ्यांनी यात गोल पात्याच्या कटरची भर घातली. जपानच्या ओल्फा कंपनीने तो 1979 मध्ये बाजारात आणला. खाली कापण्याची चटई आणि वर जाड मोजपट्टी ठेवून त्याने एकसारख्या रुंदीच्या पट्ट्या भराभर कापता येतात. जाड कडेवर टाचण्या वाकतात, तिथे प्लॅस्टिकचे चिमटे बरे पडतात. घरगुती मशीनवर आणखी एक त्रास होतो. खालचे दाते तळाचा थर पुढे ओढतात आणि वरचा थर मागे राहून सुरकुततो. वरूनही कापड पुढे नेणारा ‘वॉकिंग फूट’ बसवला की हा त्रास बराच कमी होतो. ज्यांच्याकडे तो नाही, त्यांनी आधी कच्ची टीप (थर तात्पुरते धरणारे मोठे टाके) घालावी.

पट्टी सरळ कापावी की उरेब (तिरकी), हा वाद शिवणकाम करणाऱ्यांत नेहमीचा. कापड तिरके, म्हणजे 45 अंशांत ओढले की सर्वांत जास्त ताणते. त्यामुळे गोल किंवा कंगोरेदार कडेला उरेब पट्टीला पर्याय नाही. सरळ कडेच्या गोधडीला मात्र सरळ पट्टी पुरते आणि कापडही कमी लागते. उरेब पट्टी दुमडीवर जास्त टिकते असे तिच्या बाजूने सांगतात, कारण सरळ पट्टीच्या दुमडीवर बराच भार एकाच धाग्यावर येतो.

हिशेब असा : 60 × 90 इंचांच्या गोधडीचा घेर 300 इंच, त्यात सांधे व कोपरे यांसाठी 12 इंच धरून 312 इंच पट्टी हवी. 44 इंच पन्ह्याच्या कापडात 42 इंच हाती लागतात. अडीच इंच रुंदीच्या आठ पट्ट्या तिरक्या सांध्यांनी जोडल्या की प्रत्येक सांध्यात साधारण अडीच इंच जाऊनही सुमारे 318 इंच उरतात. म्हणजे 20 इंच कापड पुरते. हे माप दुहेरी पट्टीचे आहे. पट्टी उभी अर्धी दुमडून तिची मोकळी कड गोधडीच्या कडेला लावतात आणि पाव इंचावर टीप मारतात. सात-आठ थरांच्या वाकळीला अडीच इंचांची पट्टी अपुरी पडते, तीन-साडेतीन इंच घ्यावे. पट्टी आणि गोधडी यांपैकी एकच आधी धुतलेली असेल तर पहिल्या धुण्यात कड चुरगळते. गडद रंगाच्या पट्टीचा रंग जातो का, हेही लावण्याआधीच धुऊन पाहून घ्यावे.

खरे कसब कोपऱ्यात. कडेपासून पाव इंच अलीकडे टीप थांबवून दोरा तोडतात, पट्टी 45 अंशांत वर दुमडतात, मग पुढच्या कडेला समांतर खाली आणतात आणि टीप अगदी टोकापासून पुन्हा सुरू करतात. पाव इंच चुकले की कोपरा एक तर बोथट होतो, नाहीतर त्याला चोच येते. सगळी कड झाल्यावर पट्टी मागे वळवून लपत्या टाक्यांनी हाताने बसवतात. मशीननेही ती बसते आणि रोज धुतल्या जाणाऱ्या दुपट्याला तेच योग्य. बाळंतविड्यातल्या दुपट्याला मऊ सुती पट्टीच असावी. जरीची किंवा टोचणारी लेस तिथे कितीही शोभली तरी बाळाच्या गालाला लागते.

नवरात्रापूर्वी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुण्याची रीत आहे, आणि विरलेला गोट बहुधा तेव्हाच दिसतो. तो उसवून कड पाव-अर्धा इंच आत कापतात व नवा लावतात. गोधडी लहान होऊ नये म्हणून काहीजणी जुन्या गोटावरच थोडी रुंद पट्टी चढवतात. कोपऱ्यांत मग इतके थर साचतात की मशीनची सुई मोडते. तेवढे चार कोपरे हातानेच शिवावे लागतात.