दोष कुणाचा, हे न विचारणारं कोर्ट

दीड महिन्याच्या बाळाला मांडीत लस टोचून आणली की त्या रात्री घरात कुणाला धड झोप नसते. बाळाला ताप येतो, मांडी टणक होते, आजी गार पाण्याच्या घड्या ठेवत बसते. दोन दिवसांत सगळं विसरलंही जातं. हा ताप बऱ्याचदा डांग्या खोकल्याच्या लसीचा. आपल्या सरकारी लसीकरणात त्या जंतूच्या अख्ख्या पेशींची जुनी लस अजून आहे. अमेरिकेत लसीच्या इजेला भरपाई देणारा कायदा झाला तो या लसीपायी. पण मूळ आणखी मागे, पोलिओत आहे.

एप्रिल १९५५. साल्क यांच्या लसीला मंजुरी मिळून पंधरवडा होतो न होतो, तोच कॅलिफोर्नियातल्या ‘कटर’ कंपनीच्या काही लॉटमध्ये पोलिओचे विषाणू जिवंत राहिल्याचं उघड झालं. सुमारे २०० मुलं कमीअधिक पांगळी झाली, १० जण दगावले. एका पाच वर्षांच्या मुलीच्या पालकांनी दावा लावला. १९५८ मध्ये ज्यूरीने सांगितलं: कंपनीने हलगर्जीपणा केलेला नाही, पण माल निर्धोक असल्याची हमी मोडली, तेव्हा भरपाई द्या. चूक नाही, तरी पैसे द्यायचे! लसकंपन्यांच्या वकिलांची झोप उडाली ती तेव्हापासून.

१९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या एका टीव्ही वाहिनीने त्रिगुणी लसीने (डांग्या खोकला, घटसर्प आणि धनुर्वात यांची एकत्र लस) मुलांच्या मेंदूला इजा होते असं सांगणारा कार्यक्रम दाखवला आणि दाव्यांची रीघ लागली. एकामागून एक कंपन्यांनी ही लस बनवणं सोडलं. १९८४ च्या अखेरीस तुटवडा असा की मोठ्या मुलांचे बूस्टर डोस पुढे ढकला, असं सरकारलाच सांगावं लागलं. १९८६ मध्ये एका डोसची किंमत ११.४० डॉलरवर गेली. त्यातले ८ डॉलर निव्वळ दाव्यांच्या तरतुदीसाठी.

त्या वर्षी १४ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ज्यावर सही केली, तो कायदा म्हणजे सरळसरळ सौदा होता. पालकांनी आधी कंपनीला नव्हे, सरकारला जाब विचारायचा. म्हणून या दाव्यांत प्रतिवादी असतो आरोग्यमंत्री. निवाडा ज्यूरी करत नाही, ‘स्पेशल मास्टर’, म्हणजे या दाव्यांसाठी नेमलेले न्यायाधिकारी करतात. दोष कुणाचा हे न विचारणारं कोर्ट ते हेच. पैसा लसीवरच्या करातून येतो: एक डोस जितक्या आजारांवरचा, तितके पाऊणपाऊण डॉलर. मृत्यूला अडीच लाख डॉलर. आणि मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं ते कलम: दावा हरलात तरी, तो प्रामाणिक असेल आणि त्याला वाजवी आधार असेल, तर वकिलाची फीसुद्धा याच निधीतून.

सगळी मदार एका तक्त्यावर: कोणत्या लसीनंतर किती दिवसांत झालेली कोणती इजा लसीची मानायची, याची यादी. गोवराच्या लसीनंतर ५ ते १५ दिवसांत मेंदूला इजा झाली, तर ती लसीनेच झाली असं धरून चालायचं. दुसरं काही कारण होतं हे सरकारने दाखवायचं. तक्त्याबाहेरचं असेल तर मात्र सिद्ध करण्याचं ओझं पालकांवर.

हा तक्ता किती निष्ठुर होऊ शकतो, ते पिट्सबर्गच्या एका मुलीच्या बाबतीत दिसलं. १९९२ मध्ये, सहा महिन्यांची असताना त्रिगुणी लसीनंतर तिला झटके येऊ लागले. तोवर तसे झटके तक्त्यात होते. मार्च १९९५ मध्ये ते काढले. पालकांचा अर्ज दाखल झाला एप्रिलमध्ये. दावा फेटाळला गेला, वकिलाचे १,२६,८०० डॉलर तेवढे मिळाले. कंपनीवरचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०११ मध्ये सहा विरुद्ध दोन अशा बहुमताने न्यायालयाने ठरवलं की लसीच्या रचनेतच दोष होता असा दावा कंपनीवर करता येणार नाही.

झटके तक्त्यातून काढले ते वाऱ्यावर नव्हे. लसीमुळे मेंदू बिघडला असं समजल्या गेलेल्या १४ रुग्णांची तपासणी ऑस्ट्रेलियन संशोधकांनी पुढे २००६ मध्ये प्रसिद्ध केली; त्यातल्या ११ जणांत अपस्माराशी संबंधित एकाच जनुकात बदल निघाला. ऑटिझमचे पाच हजारांवर दावे आले, त्यांतले नमुन्यादाखल ऐकलेले २००९ आणि २०१० मध्ये फेटाळले गेले. तरीही या कोर्टाने आजवर पाच अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली आहे. त्यात बरीच प्रकरणं तडजोडीची, म्हणून ‘पैसे दिले म्हणजे लसीने इजा झाली हे मान्य केलं’ असा अर्थ काढणारे फसतात.

डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे अदर पूनावाला यांनी लसकंपन्यांना दाव्यांपासून सरकारी संरक्षण हवं, असं जाहीरपणे म्हटलं. अमेरिकी सौद्याचा हा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्याबद्दल, म्हणजे निधी आणि तक्त्याबद्दल, आपल्याकडे फार कुणी बोललं नाही. कोविड लसीनंतर दगावलेल्या दोन तरुणींच्या पालकांना २०२२ मध्ये केंद्राने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावर उत्तर दिलं: भरपाई हवी तर दिवाणी न्यायालयात जा.