जुलाबाची गोळी: कोणाला, कधी?

श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करून आलेल्यांपैकी काही जण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मेडिकलच्या काउंटरवर दिसतात. मागणी एकच: ‘जुलाबाची गोळी द्या.’ हातात पडते ती बहुतेकदा जोडगोळी. नॉरफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन जिवाणूंसाठी, टिनिडाझोल किंवा ऑर्निडाझोल अमिबासाठी. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. पण गर्दीत चिठ्ठी मागतं कोण? २०२७ च्या नाशिकच्या सिंहस्थात ही गर्दी कैक पटींनी वाढेल.

प्रवासातल्या जुलाबांमागे बहुधा जिवाणू असतात, आणि त्यांत पुढे असतो विष सोडणारा ई. कोलाय. याचं विष आतड्याच्या पेशीला क्लोराइड बाहेर टाकायला लावतं. त्यामागोमाग सोडियम आणि पाणीही जातं. पेशी मात्र शाबूत राहते. साखर आणि सोडियम जोडीने आत ओढणारी तिची वाट चालूच असते, आणि जलसंजीवनी, म्हणजे साखर-मिठाचं पाणी (ओआरएस), त्याच वाटेने पाणी शरीरात परत नेते. कॉलऱ्यातही हाच प्रकार. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हे पाणी पिंपांतून वाटलं, तेव्हा तिथला मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आला.

मग अँटिबायोटिक काय करतं? आजार साधारण एक-दीड दिवसाने आटोपतं घेतं, एवढंच. आपोआप तीन-चार दिवसांत बरं होणाऱ्या दुखण्यात हा फायदा कधी मोलाचा, कधी फुकाचा. त्याची किंमत फिनलंडच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मोजली. परदेश प्रवासात ज्यांना जुलाबही झाले नाहीत आणि ज्यांनी अँटिबायोटिकही घेतलं नाही, त्यांच्यातल्या ११ टक्के लोकांच्या पोटात औषधांना न जुमानणारे जिवाणू सापडले. जुलाब होऊन अँटिबायोटिक घेतलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं, आणि त्यांतले जे दक्षिण आशियात फिरून आले होते त्यांच्यात ८० टक्के. म्हणजे आपल्याच भागात.

म्हणून मोठ्या माणसाला दिवसातून तीन-चार पातळ जुलाब होत असतील, ताप नसेल आणि तो हिंडता-फिरता असेल, तर गोळी नको. जुलाबांनी अंथरूण धरायला लावलं, ताप चढला किंवा आव-रक्त पडू लागलं, तर हवी. तीही जुनी जोडगोळी नव्हे. नॉरफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन यांचं फ्लुरोक्विनोलोन घराणं आपल्याकडे इतकं वापरलं गेलंय की कॅम्पायलोबॅक्टर, शिगेला हे जुलाबाचे जिवाणू त्याला फारशी दाद देत नाहीत. आता पहिली पसंती अझिथ्रोमायसिनला: १००० मिलिग्रॅम एकदाच, नाहीतर ५०० मिलिग्रॅम रोज, तीन दिवस. हृदयाच्या ठोक्यांसाठी औषध चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. रिफॅक्सिमिन हे दुसरं अँटिबायोटिक आतड्यातच राहतं, रक्तात जवळजवळ उतरत नाही, म्हणून ताप-रक्त असताना ते कामाचं नाही. जुलाब थोपवणारं लोपेरामाइडही ताप किंवा रक्त असताना घ्यायचं नाही, आणि लहान मुलांना तर देऊच नये.

मुलांचं गणित वेगळं. लहान अंगात पाण्याचा साठाच कमी, त्यामुळे आधी जलसंजीवनी, चमच्या-चमच्याने, उलटी झाली तरी दहा मिनिटं थांबून पुन्हा. सोबत झिंक, सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. अँटिबायोटिक लागलंच, तर अझिथ्रोमायसिन किलोमागे १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, तीन दिवस. बारा किलोच्या पोराला १२० मिलिग्रॅम. इथेच घोटाळा होतो. बाटलीत कोरडी पावडर असते. उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून ती हलवायची. पण एका बाटलीत ५ मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम असतं, दुसरीत २००. पहिलीतून ६ मिलिलिटर द्यायचं, दुसरीतून ३. लेबल न वाचता ‘मागच्या वेळेइतकंच’ दिलं की डोस दुप्पट होतो किंवा निम्मा. घरातला चमचाही नको, सोबतचं मापच वापरा. पोरगं सहा-आठ तास लघवीला गेलं नाही, डोळे खोल गेले, मलूल पडलं, तर बाटल्यांच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना गाठा.

आता मिसळीची बाजू. नाशकात पोट बिघडलं की पहिला आळ तिच्यावर. पण ई. कोलायला त्रास सुरू करायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. आज झालेल्या जुलाबाचं मूळ परवाच्या थंड चटणीत असू शकतं. उकळत्या रश्श्यापेक्षा सकाळी चिरून ठेवलेला कांदा आणि टेबलावरचं पाणी जास्त संशयास्पद. खाऊन दोन-चार तासांतच ओकाऱ्या सुरू झाल्या, तर बहुधा पदार्थात आधीच तयार झालेलं विष पोटात गेलेलं असतं. तिथे मारायला जिवाणूच उरलेला नसतो, अँटिबायोटिक काय करणार?

आणि दोन आठवडे उलटूनही पोट ताळ्यावर येत नसेल, गुबारा धरत असेल, तर संशय जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीवर घ्यावा. त्याला अझिथ्रोमायसिन लागू पडत नाही. आधी शौचाची तपासणी करायची, मग औषध.