कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क सोडायला जाळं कापलं? भरपाई अशी मिळवा

बऱ्याच नाखवांना अजून ठाऊक नाही म्हणून लिहितोय. समुद्री कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यापैकी काही जाळ्यात अडकलं आणि ते सोडवायला तुम्ही जाळं कापलंत, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी जास्तीत जास्त 25 हजार रुपये मिळतात. राज्याच्या वन विभागाचा कांदळवन (खारफुटी) कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी डिसेंबर 2018 मध्ये ही योजना आणली. जाळं म्हणजे घरातलं भांडवल, ते कापायला हात धजत नाही हे मान्य, पण हे जीव 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, किनाऱ्यावर आणलात तर उलट केस होते.

पात्र कोण, तर ज्याची बोट नोंदणीकृत आहे आणि मासेमारी परवाना चालू आहे तो. परवान्याची मुदत आधीच बघून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, फोटो. अर्ज अडतो तो इथेच, कारण भर समुद्रात काय घडलं ते दाखवायला दुसरं काहीच नसतं. एका खलाशाच्या हातात मोबाईल द्या, प्राणी जाळ्यात असतानाचा, जाळं कापतानाचा, पाण्यात सोडतानाचा असे फोटो घ्या, व्हिडिओ असेल तर फारच छान, आणि बोटीचा नंबर एकातरी फोटोत स्पष्ट आलाच पाहिजे. बंदरात आल्यावर फाटलेलं जाळं पसरून त्याचाही फोटो काढा, तोवर ते विणायला घेऊ नका.

मग जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज द्यायचा, सोबत बोटीची नोंदणी, परवाना, आधार, बँक पासबुकची झेरॉक्स आणि हे फोटो. तिथून प्रस्ताव कांदळवन कक्षाकडे जातो. अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या. पैसे खात्यात येतात, म्हणून अर्ज, परवाना, पासबुक तिन्हीवर नाव एकसारखं हवं.

आणि सोडताना घाई नको. व्हेल शार्क शेपटीला दोर बांधून ओढू नका, इजा होते, जाळंच कापा. कासव फुप्फुसाने श्वास घेतं, जाळ्यात फार वेळ बुडालेलं राहिलं तर निपचित पडतं, ते मेलं असं समजून फेकू नका. पोटावर ठेवा, मागची बाजू थोडी उंच करा, वर ओलं फडकं टाका, सावलीत राहू द्या. तासाभरात नाही हललं तरी थांबा, कधीकधी कित्येक तासांनी हालचाल सुरू होते, मगच इंजिन न्यूट्रलला घेऊन हळूच पाण्यात सोडा.