आय-४८५ कुठे पाठवायचा, आणि मग फाइल असते कुठे?

"माझी केस कोणत्या ऑफिसकडे?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. आय-४८५, म्हणजे अमेरिकेत राहून करायचा ग्रीन कार्डाचा अर्ज, पोचतो एका ठिकाणी, तपासला जातो दुसरीकडे, बोटांचे ठसे तिसरीकडे आणि मुलाखत झालीच तर चौथीकडे. यातलं फक्त पहिलं ठिकाण तुमच्या हातात आहे. अर्ज परत येतात तेही तिथूनच.

ते ठिकाण म्हणजे यूएससीआयएसचा (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा) लॉकबॉक्स, म्हणजे अर्ज स्वीकारायचं केंद्र. तुमच्या पात्रतेशी तिथे कुणाला देणंघेणं नसतं. सही आहे का, फी बरोबर आहे का, फॉर्मची आवृत्ती चालू आहे का, एवढंच बघतात. कोणता लॉकबॉक्स हे अर्जाच्या प्रकारावर, तुम्ही राहता त्या राज्यावर, आणि पाकीट सरकारी पोस्टाने जाणार की फेडेक्स-यूपीएसने, यावर ठरतं. हो, पोस्टाचा आणि कुरिअरचा पत्ता वेगळा असतो. आय-१४० (नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची मूळ याचिका) सोबतच भरत असाल तर त्याची सूचना वेगळी आहे, तीच वाचा. पत्ता पाकीट पाठवायच्या दिवशी साइटवर बघा. मित्राने मागच्या वर्षी वापरलेला नको. फॉर्मच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख बारीक अक्षरात असते. ती सगळ्या पानांवर सारखी हवी. अर्धी पानं जुन्या पीडीएफची आणि अर्धी नव्या, असं झालं की गठ्ठा परत.

फी १,४४० डॉलर. आईवडिलांसोबत अर्ज करणाऱ्या १४ वर्षांखालच्या मुलासाठी ९५०. प्रत्येक फॉर्मची फी वेगळी भरायची. २८ ऑक्टोबर २०२५ पासून कागदी चेक चालत नाही. कार्डाने भरायला जी-१४५०, बँक खात्यातून भरायला जी-१६५०. मेडिकलचा आय-६९३ आता अर्जासोबतच लागतो, २ डिसेंबर २०२४ पासून. "मुलाखतीला नेऊन देऊ" हा जुना सल्ला विसरा. सिव्हिल सर्जनने (म्हणजे यूएससीआयएसने नेमलेल्या डॉक्टरने) बंद करून दिलेलं पाकीट उघडू नका.

तारखांचं गणित चुकतं ते व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे रांगेत कुणाची पाळी आली ते सांगणाऱ्या मासिक पत्रकात. त्यात दोन तक्ते असतात आणि कोणता वापरायचा ते यूएससीआयएस दर महिन्याला वेगळं जाहीर करतं. भारताच्या रकान्यात १ जानेवारी असेल तर तुमची प्रायॉरिटी डेट (रांगेत उभं राहिल्याची तारीख) ३१ डिसेंबर किंवा त्याआधीची हवी. नेमकी १ जानेवारीची चालत नाही. अमेरिकन नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला ही रांग नसते.

अर्ज आत गेला की कुटुंबाच्या नात्यावरची फाइल साधारणपणे मिझुरीतल्या नॅशनल बेनिफिट्स सेंटरला जाते, आणि मुलाखत असल्यास तुमच्या घराच्या पत्त्यानुसार फील्ड ऑफिसला. नोकरीवरच्या फाइली नेब्रास्का, टेक्सास, नाहीतर याच सेंटरकडे. पावती क्रमांकाच्या सुरुवातीला एलआयएन म्हणजे नेब्रास्का, एसआरसी म्हणजे टेक्सास, एमएससी म्हणजे नॅशनल बेनिफिट्स सेंटर. पण आयओई असेल तर त्यावरून ऑफिसचा पत्ता लागत नाही, आणि लोक तरी त्याच अक्षरांवर अंदाज बांधत बसतात. आय-७९७सी पावतीच्या तळाशी छापलेलं ऑफिसचं नाव बघा, आणि मागाहून ट्रान्सफरची नोटीस आली तर तिच्यातलं. ठसे घेणाऱ्या सपोर्ट सेंटरला केसची काहीच माहिती नसते. तिथल्या माणसाला विचारून उपयोग नाही. किती दिवस झाले ते मोजताना पावतीवरची 'रिसीव्ह्ड डेट' धरा, नोटिशीची तारीख नाही.

महाराष्ट्रातल्यांचा खरा अडसर मात्र जन्मदाखला. ग्रामपंचायतीच्या जुन्या नोंदीत बाळाच्या नावाची जागा कोरी, लिंग 'पुरुष', वडिलांचं नाव तेवढं शाबूत, असा दाखला पुष्कळांकडे असतो. आधी नाव घालून घ्या. नोंदच नसेल तर महापालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून 'नोंद उपलब्ध नाही' असं पत्र घ्या, आणि सोबत शाळेचा दाखला व जन्माची माहिती असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं. नुसती प्रतिज्ञापत्रं पुरत नाहीत, हे कळेपर्यंत लोकांचे महिने जातात. दाखला फक्त मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं, आणि भाषांतर संपूर्ण व अचूक असल्याचं व आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचं भाषांतरकाराचं सहीचं निवेदन. नोटरी नसली तरी चालते.

भारतातून जाणाऱ्यांना आय-४८५ लागू नाही. त्यांची केस न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरला जाते. केस क्रमांक बीएमबीने सुरू झाला की मुलाखत मुंबईला. डीएस-२६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जासोबत पासपोर्ट कार्यालयाचं पोलीस क्लिअरन्स लागतं. व्हिसा उपलब्ध झाल्याचं कळवल्यावर वर्षभर काहीच हालचाल केली नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. आय-१३० मध्ये (नातेवाइकासाठी भरायच्या याचिकेत) 'अर्ज कुठे करणार' तो रकाना कोरा ठेवू नका. फाइल भलत्या ठिकाणी पडून राहते आणि हलवायला आय-८२४ या वेगळ्या फॉर्मची आणखी फी.

घर बदललं तर १० दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म भरा, आणि पावती क्रमांक घालून चालू केसचा पत्ताही बदला. नवं घर दुसऱ्या फील्ड ऑफिसच्या हद्दीत असेल तर फाइलही हलते. पोस्टात पत्ता बदलून ठेवलाय म्हणून निर्धास्त राहू नका: यूएससीआयएसची पाकिटं पोस्ट नव्या घरी पाठवत नाही, आणि त्यातल्याच एकात कार्ड असतं.